हातमोजा संपतो तिथे: कोळशाचं डांबर आणि एका पाइप-कामगाराचं प्रकरण

रुग्ण 51 वर्षांचे पुरुष. मूळचे बीड जिल्ह्यातले, आता राहायला दिघ्याला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका उघड्या यार्डात कामाला. जमिनीत गाडायच्या पोलादी पाण्याच्या पाइपांना बाहेरून डांबराचा गरम लेप द्यायचा, हे काम त्यांनी 22 वर्षं केलं. ठेकेदार बदलले, पाइपांचा व्यास बदलला, डांबर तेच राहिलं. (ओळख पटू नये म्हणून वय-गावाचे तपशील थोडे बदलले आहेत.)

माझ्याकडे ते काही दुखतंय म्हणून आले नव्हते. नव्या ठेकेदाराला फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं, आणि रबाळ्यातल्या आमच्या दवाखान्यात त्यासाठी रोज रांग असते. रक्तदाब, डोळे, छातीचा एक्स-रे, सही, शिक्का. येणाऱ्याची अपेक्षा एवढीच. रक्तदाबाचा पट्टा बांधायला त्यांनी बाही वर सरकवली आणि उजव्या मनगटाच्या दोन बोटं वर, हाताच्या मागच्या बाजूला, एक कोंब दिसला. बुंध्याशी गुलाबी-लाल, टोकाला पिवळट आणि शिंगासारखा कडक. कडेला वाळलेल्या रक्ताची खपली.

"दादा, हे कधीपासून?"

"ते होय? चामखीळ हाय मॅडम. आमच्यात सगळ्यांनाच हायेत. घोड्याचा केस बांधून पाडली व्हती एकदा, परत उगवली. आता बाही घासली की रगत येतं."

पडून पुन्हा उगवणारी, बुंध्याशी टणक आणि सहज रक्त येणारी चामखीळ ही चामखीळ नसण्याची शक्यता मोठी. सर्टिफिकेट मी बाजूला ठेवलं आणि कामाबद्दल विचारायला लागले.

काम

व्यावसायिक आजारात अर्धं निदान कामाच्या वर्णनातच असतं, आणि ओपीडीत नेमकं त्यालाच कोणी वेळ देत नाही. केसपेपरवर "लेबर" असं एका शब्दात लिहून सगळे मोकळे होतात. मी पुढे यार्डात जाऊन पाहिलं, म्हणून हे सविस्तर सांगते.

लेपाचा माल पत्र्याच्या पिंपात घट्ट गोठलेला येतो. पत्रा फाडून काढायचा आणि काळा गठ्ठा घणानं फोडायचा. उन्हात थोडा नरम असतो, सकाळी मात्र गार चिक्कीसारखा तडकतो आणि त्याची बारीक काळी पूड उडते. ही पूड घामावर बसते: कपाळ, मान, आणि विशेषतः हातमोज्याच्या कडेला, जिथे घाम आणि धूळ दोन्ही येऊन अडकतात. मग ती ढेकळं टाकीत. खाली डिझेलचा बर्नर, आत साधारण 240 अंश सेल्सियस. वितळलेलं डांबर फिरत्या पाइपवर ओतायचं, त्यावर काचतंतूंची पट्टी गुंडाळायची. टाकीचं झाकण कायम उघडं, कारण पुन्हापुन्हा ढवळावं लागतं. वर येणारा धूर पिवळट असतो आणि घशात बसतो. यार्डावर छप्पर नाही, कारण क्रेन फिरवायची असते.

हातमोजे सुती. एका आठवड्यात ते डांबरानं इतके भरतात की काढून ठेवले तरी हाताचा आकार धरून उभे राहतात. म्हणजे दिवसभर कातडीला डांबराचं पोटीसच बांधलेलं. आणि सुट्टी झाली की हात धुवायचे ते रॉकेलनं. डांबर साबणानं निघत नाही, रॉकेलनं पटकन निघतं, म्हणून टोळीतले सगळे तेच करतात. पण रॉकेल कातडीवरचा तेलकट थरही ओढून काढतं, आणि डांबरातली जी द्रव्यं चरबीत विरघळतात ती विरघळलेल्या रूपात थेट कातडीवर पसरून आत शिरायला मोकळी होतात. हॉलंडमध्ये कोक भट्टीच्या कामगारांवर 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीरात गेलेल्या पायरीनपैकी सरासरी 75 टक्के त्वचेतून गेल्याचं दिसलं होतं. पायरीन हे याच कुळातलं, मोजायला सोपं संयुग. धूर दिसतो म्हणून आपण मास्कचा विचार आधी करतो. या कामात मोठं दार कातडीचं आहे.

आणखी एक गोष्ट दादांनी आपणहून सांगितली. "माल फोडायच्या दिवशी उन्हात गेलं की तोंड भाजल्यावानी व्हतं. सावलीत आलं की कमी. म्हून आमी तोंडाला फडकं बांधून त्यावर तेल लावतो." ही आग उन्हाची एकट्याची नाही. डांबरातली काही संयुगं कातडीत असताना सूर्याची अतिनील किरणं शोषून घेतात आणि ती ऊर्जा आजूबाजूच्या ऑक्सिजनला देऊन पेशी भाजतात. डांबर-कामगारांत ही तक्रार जगभर जुनी आहे. माझ्यासाठी तिचा अर्थ सरळ होता: माल त्वचेत शिरतोय.

तपासणी आणि शक्याशक्यता

चेहरा कामाच्या मानानंही जास्त काळवंडलेला, गालांवर आणि कानांमागे काळी तोंडं असलेल्या बारीक पुळ्या. दोन्ही हातांच्या पुढच्या भागावर लहान चपटे खरखरीत उंचवटे, उजवीकडे अधिक. ते घण उजव्या हातानं चालवतात. मनगटाजवळचा कोंब दीड सेंटिमीटरच्या आसपास. काखेत गाठी नाहीत.

वृषणाच्या त्वचेची तपासणी मी सर्जन सहकाऱ्यांवर सोपवली. दादा आधी तयार होईनात, "हाताचं दुखणं आन् तिथं काय बघता?" या प्रश्नाला माझं उत्तर 1775 सालातलं होतं. त्या वर्षी लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या त्वचेचा कॅन्सर होतो आणि त्याचं कारण घड्यांमध्ये साचणारी काजळी आहे. ही पोरं लहानपणापासून धुराड्यांत उतरत आणि कॅन्सर मोठेपणी होई. कामामुळे होणाऱ्या कॅन्सरचं हे पहिलं नीट नोंदलेलं उदाहरण. घाम आणि घडी जिथे, तिथे काजळी. दादांच्या बाबतीत ती घडी हातमोज्याच्या काठाला होती. वृषणाची तपासणी साफ निघाली.

माझ्या डोक्यात चार शक्यता होत्या. पहिली, विषाणूमुळे होणारी साधी चामखीळ. दुसरी, भाजल्याच्या जुन्या वणात होणारा कॅन्सर. गरम डांबराचे शिंतोडे त्यांच्या अंगावर अनेक ठिकाणी उडाले होते, आणि असे वण वीस-तीस वर्षांनी बिघडू शकतात. तिसरी, आर्सेनिक, त्यात तळहात-तळपायांवर कडक दाणे येतात. चौथी, डांबर. तळहात-तळपाय स्वच्छ होते. कोंबाच्या जागी पूर्वी भाजल्याचं दादांना आठवत नव्हतं आणि भोवतीच्या कातडीवर वण नव्हता. बायोप्सीचा अहवाल आला: त्वचेचा स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर, पेशी बऱ्याच अंशी ओळखीच्या राहिलेल्या, खाली वणाची ऊती नाही. शेजारच्या एका लहान उंचवट्याचाही तुकडा पाठवला होता. तो कॅन्सर नव्हता, पण त्यातल्या पेशी त्या वाटेला लागलेल्या होत्या.

मग उरला प्रश्न उन्हाचा. गोऱ्या कातडीच्या लोकांत हा कॅन्सर बहुतेक उन्हानं होतो. आपल्याकडे, दादांसारख्या सावळ्या माणसात, भाजल्याचा वण नसताना हातावर तो होणं विरळाच. नुसत्या उन्हाचं काम असतं तर बीडमधल्या त्यांच्या शेतकरी भावांना आधी झाला असता. त्यात हातभर पसरलेले उंचवटे, घण धरणाऱ्या हातावर जास्त, आणि सगळ्यात मोठा कोंब मोज्याच्या काठाला. माझं मत डांबराकडे झुकलं ते या नकाशावरून. ऊन निर्दोष होतं असं मी म्हणणार नाही. त्या यार्डात दोघंही एकत्रच कामाला होते.

निरुपद्रवी रेणू आणि त्याला बाहेर काढायची धडपड

कोळशाच्या डांबरात षटकोनी कार्बन-कड्या एकमेकींना चिकटून बनलेली शेकडो संयुगं असतात. त्यांना बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. दोन कड्यांचं नॅप्थॅलीन आपल्या कपाटातल्या जुन्या डांबरगोळ्यांमध्ये असायचं. पाच कड्यांचं बेंझोपायरीन, 20 कार्बन आणि 12 हायड्रोजन, हे या कुळातलं सगळ्यात अभ्यासलेलं. ते सापडलं कसं, हे सांगण्याजोगं आहे. 1915 च्या सुमारास टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कॅन्सर घडवून दाखवला. पण डांबरातलं नेमकं काय? लंडनच्या संशोधकांनी दोन टन पिच (डांबरातले हलके घटक उडून गेल्यावर उरणारा घट्ट काळा भाग) घेऊन ते टप्प्याटप्प्यानं वेगळं करत नेलं, प्रत्येक टप्प्यावर अतिनील प्रकाशात चमक पाहत, आणि 1933 साली शुद्ध बेंझोपायरीन हाती आलं.

आता यातली खोच. बेंझोपायरीन स्वतः डीएनएला काहीच करत नाही. त्यावर विद्युतभार नाही, ते आळशी आहे, चरबीत विरघळतं आणि पडून राहतं. शुद्ध डीएनएबरोबर नळीत ठेवलं तर कायमचं चिकटत नाही. त्याला धोकादायक करतं आपलं शरीर, आणि तेही त्याला हाकलून लावण्याच्या नादात.

चरबीत विरघळणारी वस्तू लघवीतून बाहेर काढायची तर आधी ती पाण्यात विरघळेल अशी करावी लागते. त्यासाठी पेशीकडे पक्की व्यवस्था आहे. बेंझोपायरीन पेशीत शिरलं की एएच रिसेप्टर नावाचं प्रथिन त्याला पकडतं, त्याला घेऊन पेशीकेंद्रकात जातं आणि काही जनुकं चालू करतं. त्यातून सीवायपी1ए1 आणि सीवायपी1बी1 ही विकरं (एन्झाइम) तयार होतात. म्हणजे माल जितका जास्त येईल तितकी त्याच्यावर काम करणारी यंत्रणा वाढते. दादांच्या कातडीत ती वर्षानुवर्षं चढ्या वेगानं चालत असणार. ही विकरं रेणूच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या कार्बनांवर ऑक्सिजनचा एक पूल बसवतात. दुसरं एक विकर त्यात पाणी घालून पूल उघडतं, आणि दोन हायड्रॉक्सिल गट असलेला बराच निवळलेला पदार्थ तयार होतो. इथे थांबलं असतं तर तो सल्फेट किंवा ग्लुकुरोनिक आम्ल जोडून बाहेर गेला असता. बराचसा जातोही.

पण काही रेणूंवर तीच विकरं दुसऱ्यांदा काम करतात आणि 9 आणि 10 क्रमांकाच्या कार्बनांवर नवा पूल बसवतात. हा पूल रेणूच्या कडेला असलेल्या एका खोबणीत येतो. तिथे पाणी घालणाऱ्या विकराला नीट पोहोचता येत नाही, त्यामुळे तो सहजी निवळत नाही. अशा रीतीनं जे तयार होतं ते डायोल-इपॉक्साइड. पुलाचा 10 क्रमांकाच्या कार्बनाकडचा बंध तुटायला टपलेला असतो, आणि जवळ इलेक्ट्रॉन देऊ शकणारं जे काही असेल त्याला हा कार्बन चिकटतो. डीएनए ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो त्यांतलं एक ग्वानिन, त्यावर बाहेर आलेला एक अमिनो गट असतो. तो त्याच्या आवाक्यात येतो. एकदा बंध जुळला की पाच कड्यांचा हा अवजड तुकडा दुहेरी पेडाच्या अरुंद बाजूच्या खाचेत कायमचा बसतो. अंतिम गुन्हेगार हे डायोल-इपॉक्साइडच आहे, हे सिम्स आणि ग्रोव्हर यांच्या गटानं 1974 साली दाखवलं.

मुख्य दोष शरीराच्या व्यवस्थेत आहे याचा नितळ पुरावा उंदरांतून आला. जपानमधल्या एका गटानं 2000 साली एएच रिसेप्टर नसलेले उंदीर वापरले. त्यांना बेंझोपायरीन दिलं, तरी त्यांना गाठी झाल्या नाहीत. रेणू पोहोचला होता. त्याला बदलणारी यंत्रणा जागी झाली नव्हती. मग ती यंत्रणा औषधानं बंदच करून टाकावी का? दादांच्या मुलानं, बारावी सायन्सच्या पोरानं, मला हाच प्रश्न विचारला, आणि प्रश्न चांगला होता. उत्तर 2004 च्या एका अमेरिकन प्रयोगात आहे. सीवायपी1ए1 नसलेल्या उंदरांना तोंडावाटे बेंझोपायरीन दिलं तेव्हा ते उलट विषबाधेनं लवकर मेले, कारण आतड्यात आणि यकृतात हेच विकर ते झपाट्यानं निकामी करत असतं. एकच विकर एका ठिकाणी तारतं आणि दुसरीकडे मारतं. त्यामुळे शरीराच्या आत ढवळाढवळ करून हा प्रश्न सुटायचा नाही. माल आत जाणंच कमी करावं लागतं.

चिकटल्यानंतर

डीएनएला काही चिकटलं म्हणजे लगेच कॅन्सर होत नाही. पेशीचे दुरुस्तीवाले सतत फिरत असतात. अवजड तुकड्यामुळे पेड वाकडा झाला की त्यांना तो सापडतो. ते खराब जागेच्या दोन्ही बाजूंना काप देतात, साधारण 24 ते 32 अक्षरांचा तुकडा काढून टाकतात आणि समोरच्या पेडावरून नवा लिहितात. या दुरुस्तीचा तपशील उलगडल्याबद्दल अझीझ संजार यांना 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. अडचण वेळेची आहे. दुरुस्ती होण्याआधीच पेशी विभागायला निघाली, तर नक्कल करणारं नेहमीचं विकर त्या चिकटलेल्या तुकड्यापाशी अडतं. मग एक ढिलं, कामचलाऊ विकर पुढे येतं आणि समोर काहीतरी अक्षर घालून गाडी पुढे काढतं. ते बहुधा ॲडेनिन घालतं. पुढच्या नकलेत ॲडेनिनसमोर थायमिन बसतं, आणि मूळ ग्वानिनच्या जागी आता कायमचा थायमिन. चिकटलेला तुकडा नंतर निघून गेला तरी चूक राहते, आणि आता ती दुरुस्तीवाल्यांना चूक वाटत नाही, कारण दोन्ही पेड एकमेकांशी जुळतात.

घणाच्या मुठीनं घासली जाणारी, रॉकेलनं सोलपटलेली, उन्हानं भाजलेली कातडी सतत नव्या पेशी तयार करत असते. पेशी जितक्या भराभर विभागतात तितकी दुरुस्तीला सवड कमी. माझ्या मते दादांच्या मनगटावर हेच झालं: माल सर्वात जास्त तिथे, आणि घासणंही तिथेच.

ग्वानिनच्या जागी थायमिन हा बदल कुठेही झाला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. टीपी53 सारख्या जनुकात झाला तर बिघडतं, कारण खराब डीएनए असलेल्या पेशीला थांबवणं किंवा मारणं हे त्याच जनुकाच्या प्रथिनाचं काम. 1996 साली डेनिसेन्को आणि फायफर यांच्या गटानं पेशींवर डायोल-इपॉक्साइड टाकून ते टीपी53 वर नेमकं कुठे बसतं याचा नकाशा काढला. ते 157, 248 आणि 273 क्रमांकाच्या कोडॉनांवर (तीन-तीन अक्षरांच्या गटांवर) जास्त बसत होतं, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही टीपी53 त्याच जागी वारंवार बिघडलेलं सापडतं. रसायन आणि रुग्णाची गाठ यांच्यातला दुवा इतका जवळून पहिल्यांदाच दिसत होता. पुढे 2016 साली हजारो गाठींचे जनुक-नकाशे तपासून असा अंदाज मांडला गेला की वर्षभर रोज एक पाकीट सिगारेट ओढल्यानं फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी 150 बदल साठतात. त्यात याच बदलाचा मोठा वाटा आहे.

उन्हाची खूण वेगळी असते: ऊन सायटोसिनच्या जागी थायमिन आणतं, अनेकदा शेजारशेजारची दोन अक्षरं एकदम. म्हणजे दादांच्या गाठीचा संपूर्ण जनुक-नकाशा काढला असता तर ऊन आणि डांबर यांचा हिशेब काहीसा मांडता आला असता. तो काढला नाही. त्यानं उपचार बदलणार नव्हता, आणि खर्च परवडणार नव्हता.

घरचा तवा

दुसऱ्या भेटीला दादांच्या पत्नी सोबत आल्या. कामाचे कपडे घरीच, बाकीच्या कपड्यांबरोबर धुतात का हे विचारायचं होतं. धुतात, आणि काळं पाणी निघतं म्हणून हातानं घासतात. बोलताना त्यांच्या दातांवर काळी कड दिसली. मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, दिवसातून दोन-तीनदा हिरड्यांना लावायची. खोली एक, तवा तोच, धूर घरभर.

त्यांना वाटत होतं तंबाखू भाजली की तिचा दोष जातो. भाजताना अर्धवट जळालेल्या पानांतून बेंझोपायरीन तयार होतं, आणि तंबाखूतली स्वतःची, कॅन्सर करणारी नायट्रोसअमिनं असतातच. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटनं मशेरीवर पूर्वीच काम करून हे दाखवलेलं आहे. ती संस्था आता खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राचा भाग आहे. दिघ्यापासून किती लांब आहे? पण ते घरापर्यंत पोहोचलं नव्हतं. त्यांच्या तोंडाची तपासणी करून घेतली. गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता, तो दंतवैद्यांकडे नियमित दाखवायला सांगितला. मशेरी सुटली नाही, कमी झाली. घरात भाजणं मात्र बंद झालं, ते सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्तानं.

उपचार आणि यार्ड

कोंब पुरेशा कडेसह काढला. कडा स्वच्छ आल्या. हा कॅन्सर या टप्प्यावर बहुधा एवढ्यावर बरा होतो. फुप्फुसाची काळजी वेगळी होती, कारण डांबराच्या पिचचा धूर तिथेही काम करतो आणि दादांनी तरुणपणी दहा वर्षं बिडी ओढलेली. कोळशाच्या डांबराचा पिच आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध. एक्स-रे साफ होता. लहान गाठ एक्स-रेत दिसत नाही, हे त्यांना सांगितलं, नाहीतर साफ एक्स-रेचा अर्थ माणसं "आता काही होत नाही" असा घेतात.

यार्डात ठेकेदाराशी बोलणं झालं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटत होतं की रस्त्याचं डांबर आणि हे एकच. दिसायला दोन्ही काळी, साइटवर नावही एकच. रस्त्याचं बिटुमेन खनिज तेलातून येतं आणि त्यात बेंझोपायरीन किलोमागे काही मिलिग्रॅम असतं. कोळशाच्या पिचमध्ये ते वजनाच्या एक टक्क्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे हजार पटींच्या पुढे. म्हणून पिंपावरचं लेबल वाचा, हा पहिला आग्रह. पाइपांना आता पॉलिथिलीनचे तीन थर किंवा इपॉक्सीचा लेप देता येतो. नव्या निविदांमध्ये तो बऱ्याचदा असतोही. जुन्या कामाची निविदा डांबराची होती, ती बदलायला ठेकेदाराच्या हातात काही नव्हतं.

हातात होतं ते इतकं. माल फोडायचा तो पहाटे, उन्हाच्या आधी, आणि पूड दाबायला पाण्याचा फवारा. पाणी सुकल्याशिवाय माल टाकीत नाही, नाहीतर उसळतो. टाकीला तापमापक, कारण गरजेपेक्षा जास्त तापवलं की धूर वाढतो. सुती मोजे बंद, कोपरापर्यंतचे न झिरपणारे मोजे सुरू. रॉकेल पूर्ण बंद: आधी गोडंतेल चोळून डांबर सैल करायचं, फडक्यानं पुसायचं, मग साबण. कपडे यार्डातच बदलायचे. यावर सगळ्यात जास्त कुरकुर तेलाच्या खर्चाची झाली. अंग धुऊन काय होणार असं विचारणाऱ्यांना मी डेन्मार्कचं उदाहरण दिलं. तिथल्या धुराडी साफ करणाऱ्यांच्या संघानं 1778 मध्येच सभासदांना रोज अंघोळ करायला सांगितलं होतं, आणि 1892 साली इंग्रज शल्यविशारद बटलिन यांनी नोंदवलं की अंग झाकून काम करणाऱ्या युरोपातल्या कामगारांत हा कॅन्सर इंग्लंडपेक्षा कितीतरी कमी होता. रेणू कोणाला माहीत नव्हता तेव्हा हे साधलेलं आहे.

टोळीतल्या बाकीच्यांचे हात पाहिले. आणखी काहींना तसेच उंचवटे होते. एका तरुणाचा संशयास्पद उंचवटा काढून तपासला, कॅन्सर नव्हता.

कागद

तेव्हा लागू असलेल्या कारखाने कायदा 1948 च्या तिसऱ्या परिशिष्टात त्वचेचा प्राथमिक कॅन्सर नोंद करण्याजोग्या आजारांत होता आणि कलम 89 प्रमाणे असा रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरनं मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचं असे. ते कळवलं. किती डॉक्टर कळवतात हा वेगळा विषय. बहुतेकांना हे कलम ठाऊकच नसे.

भरपाईचा मार्ग 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या भाग ब मध्ये डांबर, पिच, बिटुमेन, खनिज तेल, अँथ्रासीन यांमुळे होणारा त्वचेचा कॅन्सर स्पष्ट शब्दांत लिहिलेला होता, आणि त्या कामात एका मालकाकडे सलग सहा महिने नोकरी असेल तर आजार कामामुळेच झाला असं धरून चालत. नव्या ठेकेदाराकडे दादांना सहा महिने झाले नव्हते. आधीच्याकडे सहा वर्षं झाली होती, पण हजेरी पुस्तकात नाव अधूनमधून गायब. शेवटी बँकेच्या पासबुकातल्या जमा रकमा आणि यार्डाच्या गेटवरची जुनी नोंदवही कामी आली.

जुन्या ठेकेदाराच्या वकिलांनी मला लेखी विचारलं: याच डांबरानं हा कॅन्सर झाला असं एखाद्या रक्त-लघवीच्या तपासणीवरून सांगता येईल का? नाही. लघवीतलं हायड्रॉक्सिपायरीन, म्हणजे पायरीनचं शरीरात बदललेलं रूप, मोजता येतं, पण ते शेवटच्या एक-दोन दिवसांतला संपर्क सांगतं, 22 वर्षांचा नाही. डीएनएला चिकटलेले तुकडे संशोधनात मोजतात, एका माणसाचा खटला त्यावर उभा राहत नाही. मी उत्तरात तपासण्यांऐवजी नकाशा दिला: कोणता हात, कुठली जागा, कोणते उंचवटे, किती वर्षं, कोणता माल. आणि खाली एक ओळ, की कायद्यानं हाच पुरावा पुरेसा मानला आहे. आदेशाआधीच तडजोड झाली. रक्कम मागितली त्यापेक्षा बरीच कमी.

ज्या सर्टिफिकेटसाठी दादा आले होते ते मी दिलं, पण "कोळशाचं डांबर आणि पिच यांच्या कामासाठी अयोग्य, इतर कामासाठी योग्य" असं. अशा एका ओळीनं माणसाची रोजी जाऊ शकते हे मला माहीत होतं, त्यामुळे ती लिहिण्याआधी ठेकेदाराकडून दुसऱ्या कामाचं कबूल करून घेतलं. दादा आता त्याच यार्डात मालाची आवक-जावक लिहितात. ओव्हरटाइम नसल्यामुळे महिन्याला पूर्वीपेक्षा कमी मिळतं. दर सहा महिन्यांनी मी त्यांचे हात, चेहरा आणि कान पाहते. डांबराचे उंचवटे काम सोडल्यावरही वर्षांनी येऊ शकतात. मागच्या खेपेला डाव्या कानाच्या पाळीवर एक नवा दिसला, तो काढून तपासायला पाठवला आणि साधा निघाला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.